दुसऱ्या अंकातली बावीस मिनिटं

कुणाला पुरावा कपाटात सापडतो, कुणाला माळ्यावर. मला मांडीवर सापडला. चार महिन्यांचा होता आणि दूध पीत होता.

मी घरबसल्या मुद्रितं तपासते. छापखान्यातून कच्ची पानं येतात, त्यातल्या चुका लाल पेनानं काढून मी परत पाठवते. चिमी झाल्यापासून हे काम तिच्या झोपेच्या आणि भुकेच्या फटींत बसवावं लागतं. एका हातात ती, दुसऱ्या हातात पेन, आणि अशा वेळी दारावरची बेल वाजवणाऱ्याबद्दल मनात जे येतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तर त्या महिन्यात माझ्याकडे एक जाडजूड ग्रंथ आला होता. आमच्या गावातल्या नाट्यगृहाला पन्नास वर्षं होत होती. त्यानिमित्त नाटककारसाहेबांची पाचही ऐतिहासिक नाटकं एकत्र निघणार होती आणि दर्शनी भिंतीवर त्यांच्या नावाची शिळा बसणार होती. साहेबांना जाऊन वीस वर्षं झाली, पण नाटकं धडधाकट आहेत. शाळेतल्या मुलांना त्यांतले उतारे पाठ करावे लागतात, आणि मोठ्यांना ते अजून पाठ असल्याचा आव आणावा लागतो.

या नाटकांशी आमच्या घराचा संबंध एवढाच, की माझ्या सासूबाई तरुणपणी साहेबांच्या नाटक मंडळीत होत्या. पाचही नाटकांत राणी त्याच. शिवाय अक्षर मोत्यासारखं, म्हणून नकला उतरवायचं कामही त्यांच्याच गळ्यात. नक्कल म्हणजे एकेका नटाला त्याच्यापुरती भाषणं लिहून दिलेली वही. विषय निघाला की सासूबाई म्हणायच्या, "मी आपली सांगितलं तिथे उभी राहायचे," आणि पुन्हा शेंगा मोडायला लागायच्या.

मुद्रितं मोठ्यानं वाचली की चुका लवकर सापडतात, आणि चिमीलाही करमणूक होते. त्या दिवशी पहिल्या नाटकाचा दुसरा अंक होता. राज्यावर संकट आलंय, दरबार भरलाय, आणि ऐन वेळी राणी "आम्ही येतोच" म्हणून आत जाते. मागे उरतात प्रधान आणि सेनापती.

"सेनापती, सीमेवरची काय वार्ता?"

"वार्ता अशी, प्रधानजी, की वार्ता यायची आहे."

"केव्हा येईल?"

"वाट पाहावी लागेल."

"मग पाहू या."

हे असं चौदा पानं. शत्रू वेशीवर आणि हे दोघं एकमेकांना घोड्यांच्या तब्येती विचारतायत. चिमीनं तोंड लावलं तेव्हा राणी आत गेली होती. चिमीनं ढेकर दिला आणि मी पुढची ओळ वाचली, "(राणी प्रवेश करते.)" सहज घड्याळाकडे पाहिलं. बावीस मिनिटं.

मी आई होण्याआधी हे वाचलं असतं तर 'पाल्हाळ' म्हणून पुढे गेले असते. पण गेले चार महिने माझं आयुष्य या बावीस मिनिटांनीच मोजलं जात होतं. मी पानं पुढे उलटली. दुसऱ्या नाटकातही राणी आत जाते, पण बारा मिनिटांत परत येते. तिसऱ्यात जातच नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी. आणि चौथ्यात पुन्हा गेली ती तब्बल सव्वीस मिनिटं! पाचव्यात चौदा.

आता ही तिसऱ्या नाटकातली राणी एकदम मोकळी कशी झाली, आणि चौथ्यात पुन्हा अडकली कशी, हे इतिहासाच्या जाणकाराला कोडं वाटेल. मला नाही वाटलं. मी वन्संना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, फोन केला आणि जन्मतारीख विचारली.

"माझा वाढदिवस विसरलीस म्हणून आता चौकशी का?" वन्सं म्हणाल्या.

पहिल्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला तेव्हा वन्सं चार महिन्यांच्या होत्या. दुसऱ्याच्या वेळी वर्षाच्या. तिसऱ्याच्या वेळी घरभर धावत होत्या. चौथ्या नाटकाच्या वेळी माझा नवरा साडेतीन महिन्यांचा होता, आणि पाचव्याच्या वेळी अकरा महिन्यांचा.

ग्रंथात एक छायाचित्राचं पानही होतं. राणीच्या मूळ नकलेचं. 'आम्ही येतोच' या ओळीशेजारी, म्हणजे प्रधान-सेनापतींची ती मसलत सुरू होते तिथे, समासात बारीक ठिपके होते, एक डावीकडे, एक उजवीकडे, परत डावीकडे, परत उजवीकडे. खाली प्राध्यापकांची टीप: 'समासातील गूढ ठिपके. दोन्ही आघाड्यांवरील युद्धनीतीचा समतोल सूचित होतो.' हे प्राध्यापक या नाटकांवरचे अधिकारी. मसलतीच्या प्रवेशावर त्यांचा चारशे पानांचा ग्रंथ आहे. मी टीप वाचली आणि माझ्या गाउनकडे पाहिलं. मागच्या वेळी कुठल्या बाजूला पाजलं हे विसरू नये म्हणून मी सेफ्टी पिन लावते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. माझाही युद्धनीतीचा समतोलच म्हणायचा.

सासूबाई ओट्याशी बसल्या होत्या.

"आई, ही नाटकं तुम्ही लिहिलीत ना?"

त्यांनी शेंगेचा देठ मोडला. "चिमीच्या डोळ्यावर ऊन येतंय. पडदा सरकव."

ज्यानं केलेलं नसतं तो 'छे' म्हणतो. 'पडदा सरकव' म्हणत नाही.

संध्याकाळी मी नवऱ्यापुढे सगळे आकडे मांडले. त्यानं बाकीचं सोडून नेमका आपल्यापुरता मुद्दा धरला. "सव्वीस मिनिटं? ताईला बावीस आणि मला सव्वीस?"

"तू मध्येच झोपायचास," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "तळपायाला टिचकी मारावी लागायची. एकदा तर सेनापतीला घोड्याची वंशावळ सांगायला लावली, तरी तुझं चालूच."

मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे तू लिहिलंस," नवरा म्हणाला.

"कुणीतरी लिहायलाच लागतं. साहेबांना नावं छान सुचायची. नाटकं सुचायची नाहीत."

"मग नाव त्यांचं कसं?"

"तेव्हा फलकावर बाईचं नाव दिसलं असतं तर लोक गाणी ऐकायला आले असते. आणि समोर लढाई."

"आता तरी लावू या, आई," मी म्हणाले. "शुक्रवारी ग्रंथ छापायला जातोय. त्याच दिवशी शिळेवर नाव कोरायला घेणार आहेत. एकदा दगडात गेलं की गेलं."

"नको."

"पण का?"

"कारण आहे. ते माझं मला पुरे." आणि शेंगांचं ताट उचलून त्या बाल्कनीत गेल्या.

आता माणसानं इथे थांबावं. पण मी मुद्रितं तपासणारी बाई. डोळ्यांदेखत चुकीचा मजकूर छापायला जाऊ देणं मला जमत नाही. इतर बाबतींत मी तशी नरम आहे. मंगळवार होता. हातात तीन दिवस होते, त्यांतून चिमीची जागेपणाची वेळ वजा.

खालच्या मजल्यावर एक काका राहतात. सगळा जन्म नोंदणी खात्यात गेला, म्हणून त्यांना सगळे रजिस्टरकाका म्हणतात. त्यांना जिन्यात गाठलं.

"नोंद आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही ना. तोच तर घोळ आहे."

"मग घडलंच नाही. जे नोंदलं नाही ते घडलं नाही. माझ्या लग्नाची नोंद तीन वर्षांनी झाली, तोपर्यंत मी हिच्याशी जपूनच बोलत होतो."

आतून काकूंचा आवाज आला, "आणि नोंद झाल्यावर बोलणंच बंद केलंत!"

काकांनी मला कलाकृती नोंदणीच्या कार्यालयात धाडलं. बुधवारी चिमीला छातीशी बांधून, खांद्याला तिची पिशवी आणि बगलेत पाच नाटकं अशी मी तिथे पोचले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज आधी वाचला, मग चिमीला वाचलं, मग मला.

"लेखक बदलायचा आहे?"

"दुरुस्त करायचा आहे."

"मूळ लेखकाचं ना-हरकत पत्र लागेल."

"मूळ लेखक वारले."

"मग वारल्याचा दाखला आणि त्यांचं ना-हरकत पत्र."

"अहो, पण खरे मूळ लेखक हयात आहेत. घरी आहेत."

"मग त्यांनी अर्ज करायला हवा."

"त्यांची तयारी नाही."

"म्हणजे त्यांची हरकत आहे."

"हो."

बाईंनी समाधानानं पेन खाली ठेवलं. "ज्यांची हरकत नाही ते वारले आणि जे हयात आहेत त्यांची हरकत आहे. मग आम्ही नोंदवायचं काय?"

यावर उत्तर चिमीकडे होतं. तिनं ते अर्जाच्या दोन्ही प्रतींवर केलं. बाईंनी प्रती चिमट्यानं उचलल्या आणि 'आवक' असा शिक्का मात्र मारला. तेवढी एक नोंद आमच्या नावावर झाली.

रजिस्टरकाकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "कागदी पुरावा नसेल तर प्रात्यक्षिक हवं. रंगमंचावर वेळ मोजून दाखव. वाचण्याचा वेग तुझा, तो कोण मानणार?" हे मला पटलं, हीच माझी चूक. गुरुवारी नाट्यगृहात पहिल्या नाटकाची तालीम होती. मी ओट्यावरचं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ पिशवीत टाकलं आणि निघाले.

दारातच नाट्यगृहाचे व्यवस्थापक धावत आले. "या, या! कळवलं असतंत तर!" त्यांनी मला मधल्या रांगेत बसवलं, पंखा लावला, आग विझवायच्या नळकांड्यावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली. मला वाटलं, जुन्या राणीच्या सुनेचा हा मान आहे. मीही थोडी ताठ बसले. पाच मिनिटांनी त्यांनी हळूच विचारलं, "आणि आपत्कालीन दारं आत्ता बघता की तालमीनंतर?" ते मला अग्निसुरक्षेच्या तपासणीला आलेली समजले होते. मी खुलासा केल्यावर पंखा बंद झाला.

राणी "आम्ही येतोच" म्हणून आत गेली. मी घड्याळाला बावीस मिनिटांची किल्ली दिली आणि चिमीला पदराखाली घेतलं. प्रधान आणि सेनापती वार्तेची वाट पाहू लागले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, पण किल्ली देताना माझा हात घसरला असावा. अकराव्या मिनिटाला, प्रधान "ही शांतता मला भिववते" म्हणत असताना, टोमॅटो पिशवीतून कडाडला. चिमी दचकून किंचाळली, सेनापतीनं खरंच तलवार उपसली, आणि मागून कुणीतरी "आग!" म्हणून ओरडलं. त्या दिवशी आपत्कालीन दारं चांगली उघडतात हे मात्र सिद्ध झालं.

बाहेरच्या फुटपाथवर राजे, सरदार आणि दोन दासी माझ्याकडे पाहत उभे होते. माझ्या एका हातात रडणारी चिमी, दुसऱ्यात अजून वाजणारा टोमॅटो. असल्या अवस्थेत माणसानं क्षमा मागून घरी जावं. मी व्यवस्थापकांना म्हणाले, "मला उद्या तुमच्याशी आणि प्राध्यापकांशी बोलायचंय. शिळेवर नाव कोरायच्या आधी." टोमॅटो बंद व्हावा म्हणून असेल, व्यवस्थापक "बरं, अकराला या" म्हणाले.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. टोमॅटोपाशी त्या हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाल्या, "उद्या येते मी. चिमीला धरायला. बोलणार मात्र नाही."

शुक्रवारी अकराला व्यवस्थापकांच्या खोलीत आम्ही बसलो. कोपऱ्यात शिळा उभी होती. वर 'लेखक' एवढंच कोरलेलं, खाली जागा कोरी. प्राध्यापक आपला चारशे पानांचा ग्रंथ मांडीवर घेऊन आले होते. मी चिमीला घेते तसाच, मानेखाली हात देऊन. मी माझा तक्ता टेबलावर पसरला: नाटक, मिनिटं, बाळाचं वय.

प्राध्यापकांनी तो चष्म्याच्या वरून पाहिला. "योगायोग. आणि समजा अगदी योगायोग नसला, तरी साहेबांनी नटीची सोय पाहिली असेल, सौजन्य म्हणून."

"साहेबांनी?" सासूबाईंच्या तोंडून निघालं. "त्यांनी मला आत बसायला स्टूलसुद्धा दिलं नाही. ढालींच्या ढिगाऱ्यावर बसायचे मी." मग न बोलण्याचं आठवून त्या मांडीवरच्या चिमीचं टोपरं सारखं करू लागल्या.

व्यवस्थापकांना भलतीच काळजी होती. "लेखक कुणी का असेना, तो मसलतीचा प्रवेश मी यंदा कापणार आहे. अर्धं थिएटर तेव्हा चहाला जातं."

"कापणार?" प्राध्यापक उभेच राहिले. "तो तर साहेबांच्या प्रतिभेचा कळस! दोन माणसं बोलतात आणि काहीच घडत नाही. सत्तेच्या पोटातली पोकळी आहे ती!"

"वाईट आहे तो प्रवेश," सासूबाई म्हणाल्या.

खोलीतले सगळे त्यांच्याकडे वळले. चिमीसुद्धा.

"पोकळीबिकळी काही नाही हो त्यात. पोर भुकेलं होतं. मला वेळ हवा होता, म्हणून दोन माणसं उभी केली आणि त्यांना करायला काही दिलं नाही. पाट्या टाकलेलं काम आहे." त्या थांबेनात. "बाकी सगळ्या नाटकावर माझा जीव आहे. पण नाव लावायचं म्हटलं की ते त्या चौदा पानांखालीही लागणार. चाळीस वर्षं मला त्यांची लाज वाटते. म्हणून मी हिला नको म्हणत होते."

मला वाटलं होतं, संकोच असेल, भीड असेल, साहेबांना दिलेला शब्द असेल. आणि ही बाई चाळीस वर्षं चौदा पानांसाठी अडून बसली होती! मुद्रितं तपासणारीला याहून जवळचं माणूस कुठे भेटणार?

प्राध्यापक सावकाश खाली बसले. "आणि ठिपके?" त्यांनी विचारलं. "समासातले?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओढणी जराशी बाजूला करून पिन दाखवली आणि ती कशासाठी असते ते शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत सांगितलं. ठिपक्यांवर प्राध्यापकांचं अख्खं सहावं प्रकरण होतं, साठ पानांचं. त्यांनी ग्रंथ मिटला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोठ्या माणसाला शोभेल अशा शांतपणे म्हणाले, "तरीसुद्धा समतोल तर होताच."

"होता ना," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "तेवढं तुम्ही बरोबर ओळखलंत."

व्यवस्थापकांना तडजोड सुचली. वर साहेबांचं नाव असू द्यावं, खाली बारीक अक्षरात 'सहकार्य' म्हणून सासूबाईंचं.

"सहकार्य साहेबांचं," सासूबाई म्हणाल्या. "पाचही नाटकांची नावं त्यांची. आणि तिसऱ्याच्या वेळी शेवट जमेना, मला रडू आलं, तेव्हा त्यांनी रुमाल दिला होता. तेवढं खाली घाला बारीक अक्षरात. खोटं नाही व्हायचं."

"मग नाव लावायचं, आई?" मी विचारलं.

"आधी ती चौदा पानं दे इकडे. आणि पेन."

मी चिमीला माझ्याकडे घेतलं आणि मुद्रितं आणि लाल पेन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ मारली. प्राध्यापकांनी डोळे मिटले. नेमकी तेव्हाच चिमी रडायला लागली. तिचं वेळापत्रक साम्राज्यं पाहत नाही. मी पिशवी उचलून उठले.

"कुठे निघालीस?" सासूबाई पेन न थांबवता म्हणाल्या.

"बाहेर. हिला..."

"बाहेर बिहेर नाही. बस तिथेच. हे दोघं थांबतील."

मी बसले. ओढणी ओढून चिमीला घेतलं. व्यवस्थापक छताकडे पाहू लागले, मग छतावरही काही नाही म्हणून समोर पाहू लागले. प्राध्यापक सासूबाईंच्या हाताकडे बघत होते. एक ओळ लिहायची, तोंडातल्या तोंडात म्हणायची, एखादा शब्द खोडायचा, पुन्हा म्हणायचा. चिमीचं नऊ मिनिटांत आटोपलं आणि ती झोपली. सासूबाई लिहीतच होत्या. कुणी हललं नाही. बाहेर पाथरवट दोनदा डोकावून गेला.

शेवटी त्या उठून उभ्या राहिल्या. अडुसष्ट वर्षांचं वय, गुडघे दुखरे, पण पान हातात धरलं आणि त्यांची मान अशी काही वर झाली की माझीही पाठ ताठ झाली.

"दुसरा अंक," त्यांनी वाचलं. "दरबार. बाळ रडतं. राणी सिंहासनावरून उठत नाही. बाळाला पदराखाली घेते. प्रधान आणि सेनापती माना खाली घालून निघू लागतात. राणी म्हणते, कुठे निघालात? शत्रू वेशीवर आहे आणि तुम्ही माझ्या पदराला भिता? वार्ता आली असेल तर सांगा. नसेल तर जाऊन आणा. आमचे हात गुंतलेत, सेनापती. कान मोकळे आहेत."

पुढे दीड पान होतं. चौदा पानांत न घडलेलं सगळं त्यात घडत होतं.

प्राध्यापकांनी गळा साफ केला. "राणीचा आवाज तोच आहे," ते हळू म्हणाले. "तीस वर्षं ऐकतोय मी हा आवाज. माणूस मात्र आज पाहिला." मग व्यवस्थापकांकडे वळून, "पाथरवटाला आत बोलवा. आणि छापखान्याला सांगा, पहिलं पान बदलतंय."

चिमी माझ्या डाव्या हातावर झोपली होती. मी उजव्या हातानं ग्रंथाचं पहिलं पान ओढलं, साहेबांच्या नावावर रेघ मारली आणि समासात सासूबाईंचं नाव लिहिलं. त्यांनी चष्मा लावून ते अक्षर अक्षर तपासलं.

"शुद्ध आहे," त्या म्हणाल्या. "पण मोठं लिही. शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे."